वाचनसुख आणि मराठी अक्षर : छापील पान ते ई-रीडर



ग्रंथव्यवहाराशी संबंध असलेली माणसे एकत्र आली की अलीकडे एक वाद ठरल्यासारखा उपस्थित होतो आणि बहुधा निकाल न लागताच मिटतो. एका पक्षाला पुस्तकाचा स्पर्श, कोऱ्या पानांचा वास आणि कपाटातली रांग प्रिय असते. दुसऱ्या पक्षाला हातात मावणाऱ्या यंत्रातील हजारो पुस्तके, हवे तेवढे मोठे होणारे अक्षर आणि प्रवासातील सोय महत्त्वाची वाटते. दोन्ही पक्ष आपापल्या सवयीची बाजू मांडतात, आणि सवयीवर युक्तिवाद चालत नसल्यामुळे वाद पुढे सरकत नाही. परंतु हा विषय केवळ सवयीचा आहे काय? वाचताना डोळ्यांना होणारा त्रास, अक्षराचा रेखीवपणा, ओळींची मांडणी, वाचलेले लक्षात राहणे आणि मजकुराची शुद्धता या गोष्टी तपासता येतात, मोजता येतात, त्यांची कारणे सांगता येतात. मग त्या भावनेच्या हवाली का कराव्यात?

प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे, की वाचनसुख हे माध्यमापेक्षा मजकुरावर घेतलेल्या मेहनतीवर अधिक अवलंबून असते. ई-रीडरचा पडदा बऱ्याच अंशी कागदाच्या जवळ आलेला असला तरी त्या पडद्यावर येणारा मराठी मजकूर मात्र चांगल्या छापील पुस्तकाच्या पातळीला अजून पोहोचलेला नाही. आणि ही उणीव यंत्राची कमी व माणसांची अधिक आहे. हे प्रतिपादन चार मुद्द्यांच्या क्रमाने मांडता येईल. पहिला मुद्दा प्रकाशाचा, दुसरा अक्षराच्या रेखीवपणाचा, तिसरा पानाच्या मांडणीचा व तिच्याशी निगडित स्मरणाचा, आणि चौथा मजकुराच्या शुद्धतेचा.

प्रथम प्रकाशाचा विचार करू. ‘पडद्यावर वाचल्याने डोळे जातात’ असे सरसकट म्हटले जाते तेव्हा दोन अगदी भिन्न वस्तू एकाच शब्दात गुंडाळल्या जातात. संगणकाचा, मोबाइलचा किंवा टॅब्लेटचा पडदा स्वतः प्रकाश बाहेर टाकतो आणि वाचणाऱ्याची नजर त्या प्रकाशस्रोताकडेच लागलेली असते. ई-रीडरमध्ये वापरली जाणारी इलेक्ट्रॉनिक शाई याच्या नेमकी उलट, कागदाप्रमाणे वागते : बाहेरून पडणारा प्रकाश ती परावर्तित करते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या मीडिया लॅबमध्ये जोसेफ जेकबसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९० नंतरच्या दशकात ही शाई विकसित केली आणि १९९७ साली तिच्या उत्पादनासाठी ई इंक ही कंपनी स्थापन झाली. तिची रचना समजण्यास अवघड नाही. केसाच्या जाडीएवढ्या व्यासाच्या असंख्य सूक्ष्म कुप्या पडद्यात पसरलेल्या असतात. प्रत्येक कुपीतील पारदर्शक द्रवात पांढरे आणि काळे कण तरंगत असतात आणि त्यांच्यावर परस्परविरुद्ध विद्युतभार असतो. पडद्याखालून योग्य विद्युतदाब दिला की हवे ते कण वर येतात, नको ते तळाशी जातात आणि त्यातून अक्षर उमटते. एकदा उमटलेले अक्षर टिकवण्यासाठी वीज लागत नाही, ती फक्त पान बदलताना लागते. म्हणूनच अशा यंत्राची बॅटरी दिवसांऐवजी आठवड्यांच्या हिशेबात चालते. सोनी कंपनीने २००४ साली जपानमध्ये आणलेले लिब्रिए हे या शाईवर चालणारे पहिले बाजारी वाचनयंत्र, आणि नोव्हेंबर २००७ मध्ये अमेझॉनने आणलेल्या किंडलमुळे हा प्रकार सर्वतोमुखी झाला.

हा भेद ध्यानात घेतला की अनेक संशोधनांचे निष्कर्ष आपोआप जागच्या जागी बसतात. झोपण्यापूर्वी प्रकाश टाकणाऱ्या यंत्रावर वाचल्यास झोप लागण्यास उशीर होतो आणि झोपेचे नियमन करणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाची निर्मिती घटते, असे हार्वर्ड विद्यापीठाशी संलग्न संशोधकांच्या २०१५ साली छापील स्वरूपात आलेल्या अभ्यासात आढळले, आणि त्याचा डांगोरा ‘ई-पुस्तके झोप उडवतात’ असा पिटला गेला. प्रत्यक्षात त्या बारा जणांच्या प्रयोगात छापील पुस्तकाशी तुलना केली गेली होती ती प्रकाशमान टॅब्लेटची. इलेक्ट्रॉनिक शाईच्या यंत्राची नव्हे. उलट २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कागद, इलेक्ट्रॉनिक शाई आणि प्रकाशमान पडदा अशा तिन्ही माध्यमांवर दीर्घ वाचन करवून घेतले असता डोळ्यांचा शीण प्रकाशमान पडद्यावर अधिक आढळला, तर इलेक्ट्रॉनिक शाई कागदाच्या बरोबरीने राहिली. हे प्रयोग लहान आहेत आणि त्यांवरून अंतिम निवाडा देता येणार नाही, हे खरे. तरीही मोबाइलचा दोष ई-रीडरच्या माथी मारणे अन्यायाचे होय, एवढे त्यांवरून नक्की म्हणता येते.

तर मग इलेक्ट्रॉनिक शाई कागदाच्या तोडीची झाली काय? प्रकाशाच्या बाबतीत पूर्णतः नाही. चांगला पांढरा कागद आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के परत पाठवतो. ई-रीडरचा पडदा ४० ते ४५ टक्क्यांच्या आसपासच राहतो. म्हणजे ज्याला त्या पडद्यावर ‘पांढरे’ म्हटले जाते ते वस्तुतः फिकट राखाडी असते आणि अक्षर व पार्श्वभूमी यांतील फरक छापील पानापेक्षा कमी भासतो. उन्हात किंवा भरपूर उजेडात ही उणीव जाणवत नाही. संध्याकाळी खोलीतल्या मंद दिव्याखाली ती लगेच जाणवते. यावरचा उपाय २०१२ पासून रूढ झाला : पडद्याच्या कडेला बसवलेल्या बारीक दिव्यांचा प्रकाश पारदर्शक थरातून पानावर पसरवला जातो. हा प्रकाश मागून डोळ्यांत येत नाही, वरून पानावर पडतो आणि पानावरून परततो; त्यामुळे तत्त्वतः तो टेबलावरच्या दिव्याच्या जातीचाच आहे. (अर्थात तो दिवा पूर्ण तेज करून अंधाऱ्या खोलीत रात्रभर वाचत बसल्यास डोळ्यांनी तक्रार केली, तर तिचे उत्तर यंत्राकडे मागण्यात अर्थ नाही.)

दुसरा मुद्दा रेखीवपणाचा. छापील अक्षर आणि पडद्यावरचे अक्षर ही दोन्ही आज बिंदूंनीच बनतात. फरक असतो तो एका इंचात किती बिंदू मावतात याचा. पहिल्या किंडलच्या पडद्यावर इंचाला १६७ बिंदू होते, २०१२ च्या सुमारास ते २१२ झाले आणि २०१४ साली ३०० झाले. ऑफसेट छपाईची प्लेट तयार करणारी यंत्रे इंचाला २४०० बिंदूंपर्यंत जातात. हे आकडे मराठी अक्षराच्या संदर्भात पाहिले तरच त्यांचा अर्थ उलगडतो. मराठी पुस्तकात सर्रास आढळणारे बारा पॉइंटचे अक्षर घेतले, तर बारा पॉइंट म्हणजे इंचाचा सहावा भाग. याचा अर्थ असा, की पहिल्या किंडलवर अशा अक्षराच्या संपूर्ण उंचीला सुमारे २८ बिंदू मिळत, ३०० बिंदूंच्या पडद्यावर ५० मिळतात आणि छपाईच्या प्लेटवर ४०० मिळतात.

अठ्ठावीस बिंदू कमी आहेत काय? रोमन लिपीसाठी ते कसेबसे पुरतात. देवनागरीचे तसे नाही. देवनागरीची ओळ तीन मजल्यांची असते : शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार, मध्ये अक्षराचा मुख्य देह, आणि खाली उकार, ऋकार व एकाखाली एक उतरणारी जोडाक्षरे. हे तिन्ही मजले त्या २८ बिंदूंत बसवायचे म्हणजे मुख्य देहाच्या वाट्याला फार तर निम्मे बिंदू येणार, आणि त्यातच ‘द्ध’, ‘ष्ट्य’, ‘क्ष्म’ यांसारखी दाट वीण स्पष्ट दाखवायची. अशा पडद्यावर ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतील फरक एका-दोन बिंदूंवर येऊन ठेपतो, अनुस्वाराचा ठिपका वेलांटीत मिसळतो आणि वाचकाला अक्षर वाचण्याऐवजी संदर्भावरून ओळखावे लागते. डोळ्यांचा शीण अनेकदा येथून येतो. वाचताना नजर ओळीवरून सरळ घसरत जात नाही. ती लहान उड्या घेते आणि प्रत्येक उडीनंतर सेकंदाच्या साधारण चौथ्या भागाइतका वेळ स्थिर होते. अक्षर संदिग्ध असेल तर हा मुक्काम लांबतो, नजर मागे वळते, आणि शेकडो ओळींनंतर त्याचा हिशेब थकव्याच्या रूपाने समोर येतो.

३०० बिंदूंना विशेष महत्त्व आहे ते याच कारणाने. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतका कोन वेगळा ओळखता येतो, असे नेत्रविज्ञान मानते. पुस्तक डोळ्यांपासून ३० सेंटीमीटरवर धरले, तर या कोनाशी जुळणारी घनता इंचाला सुमारे २९० बिंदू इतकी येते. म्हणजे २०१४ साली ई-रीडरचा पडदा सामान्य नजरेच्या मर्यादेपाशी जाऊन पोहोचला. त्याहून सूक्ष्म छपाई डोळ्यांना अजूनही अधिक घोटीव वाटू शकते, कारण रेषेतील बारीक खाचखळगे टिपण्याची नजरेची शक्ती या मर्यादेपेक्षाही तीव्र असते. परंतु ‘पडद्यावर अक्षर फुटते’ ही तक्रार त्या वर्षानंतरच्या चांगल्या यंत्राबाबत फारशी टिकत नाही.

येथे कागदाच्या पक्षालाही एक प्रश्न विचारला पाहिजे. तुलनेसाठी नेहमी उत्तमातले उत्तम छापील पुस्तकच का गृहीत धरले जाते? मराठी वाचकाच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या जे पुस्तक आले, ते सगळेच निर्णयसागर छापखान्याचे नव्हते. जावजी दादाजी यांनी १८६४ साली खिळे पाडण्याचा कारखाना आणि १८६९ साली हा छापखाना सुरू करून, राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कसबी कारागिराच्या हातून देवनागरी खिळ्यांचे जे वळण सिद्ध केले, ते पुढील काळाला आदर्शवत ठरले हे खरे. पण खिळ्यांच्या छपाईत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा सुट्या धातूवर असे, त्यामुळे दोन खिळ्यांच्या सांध्यात ती तुटलेली दिसे; खिळा झिजला की अनुस्वार उमटत नसे आणि खिळ्याबाहेर झुकलेली नाजूक मात्रा मोडून जाई. शिवाय स्वस्त कागदावर शाई पसरते आणि रेषा फुगते, पातळ कागदावर मागच्या पानाची छपाई पुढे दिसते, आणि आम्लयुक्त कागद काही दशकांत पिवळा पडून कडांपासून तुटू लागतो. प्लेटवरचे ४०० बिंदू अशा कागदावर पोहोचतात तेव्हा त्यांचे काय उरते? सलग, न तुटलेली शिरोरेषा आणि पानोपानी सारखा काळेपणा या दोन बाबतींत साध्यातला साधा ई-रीडरही जुन्या स्वस्त छपाईला मागे टाकतो, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

आता तिसरा मुद्दा, पानाच्या मांडणीचा. छापील पान एकदा ठरले की ठरले. ई-पुस्तकाचे पान पाण्यासारखे असते, वाचक जसे भांडे देईल तसा आकार घेणारे. अक्षर मोठे केले की ओळी नव्याने तुटतात, पाने वाढतात, समास बदलतो. या सोयीचे मोल चाळिशी ओलांडलेल्या कोणत्याही वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. ही गरज नवीनही नाही. आडव्या, सुट्या पानांच्या पोथ्या ठसठशीत अक्षरांत लिहिल्या जात आणि पुढे छापल्याही गेल्या. आजही धार्मिक ग्रंथांच्या ‘मोठ्या टायपातील’ आवृत्त्या स्वतंत्रपणे काढल्या जातात, कारण वाचणाऱ्याचे वय आणि दिव्याचा उजेड यांना धरून अक्षर मोठे असावे ही समज मराठी ग्रंथपरंपरेत पूर्वापार आहे. प्रकाशकाने पूर्वी एका विशिष्ट वाचकवर्गासाठी जे केले ते ई-रीडर प्रत्येक वाचकाच्या हाती देतो. अधू दृष्टीच्या वाचकाला तर ही सोय वाचन चालू राहणे आणि बंद पडणे यांतला फरक ठरते. हातांचाही विचार येथेच केला पाहिजे : दीड-दोनशे ग्रॅमच्या आसपासचे यंत्र एका हातात धरता येते, तर जाडजूड ऐतिहासिक कादंबरी आडवे पडून वाचणे ही मनगटाची परीक्षा असते.

परंतु जे पान बदलू शकते ते बिघडूही शकते. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात, त्यामुळे शब्द लांबतात. सहा इंचांच्या पडद्यावर अक्षर मोठे केले की एका ओळीत चार-पाच शब्द मावतात. त्यातच दोन्ही कडा सरळ राखण्याचा हट्ट धरला तर शब्दांमध्ये मोठमोठी भगदाडे पडतात आणि नजरेची लय मोडते. छापखान्यातला जुना जुळारी अशा वेळी कुठे जागा चोरायची, कुठे शब्द तोडायचा हे हाताने ठरवत असे. यंत्राला ते शिकवावे लागते आणि मराठीसाठी ते पुरेसे शिकवले गेलेले नाही. ओळींमधील अंतराचेही तसेच आहे. रोमन लिपीच्या मापाने ठरवलेल्या अंतरात देवनागरीचे तीन मजले कोंबले की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो.

गद्याला हा त्रास सोसवतो. कवितेला सोसवत नाही. ओवीचे चरण, अभंगाचे खंड, मुक्तछंदातील मुद्दाम राखलेली लांबी-रुंदी हा कवितेच्या अर्थाचाच भाग असतो, आणि अरुंद पडद्यावर ओळ मध्येच मोडून खाली आली की कवीने मोडलेली ओळ कोणती आणि यंत्राने मोडलेली कोणती हे वाचकाला कळेनासे होते. दिवाळी अंकांची अडचण आणखी वेगळी. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली सुरू केलेली ही परंपरा कथा-कवितांइतकीच चित्रे, व्यंगचित्रे आणि सजावट यांवर उभी राहिली, मोठ्या पानावर एका दृष्टिक्षेपात घ्यायची ही रचना करड्या रंगाच्या सोळा छटा दाखवणाऱ्या लहान पडद्यावर आपला घाटच गमावते. अलीकडे रंगीत इलेक्ट्रॉनिक शाई आली असली, तरी तिच्या एका प्रचलित प्रकारात काळे अक्षर इंचाला ३०० बिंदूंनी आणि रंग १५० बिंदूंनीच उमटतो, व रंगांचा तजेला छपाईच्या मानाने फिकाच राहतो. आणि पीडीएफ? ती तर छापील पानाची स्थिर प्रतिमा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक मोलाची प्रकाशने या स्वरूपात विनामूल्य मिळतात ही फार मोठी उपलब्धी आहे. परंतु डेमी आकाराचे पान सहा इंचांत आकसून वाचायचे किंवा मोठे करून डावी-उजवीकडे सरकवत वाचायचे, अशा कात्रीत वाचक सापडतो आणि दोष मात्र ‘ई-पुस्तका’ला देतो.

मांडणीशी जोडलेला प्रश्न स्मरणाचा. छापील पुस्तकात वाचकाला मजकुराची जागा आठवते : डाव्या पानावर, खालच्या बाजूला, पुस्तकाच्या पहिल्या तृतीयांशात. डाव्या हातातली जाडी वाढत जाते, उजव्या हातातली घटत जाते, आणि किती वाचले व किती उरले याचे भान हातांनाच राहते. ई-रीडरवर तळाशी टक्केवारी दिसते, पण टक्केवारी बोटांना जाणवत नाही. याचा आकलनावर परिणाम होतो काय? नॉर्वेतील संशोधक अ‍ॅन मँगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पन्नास वाचकांना २८ पानांची एक रहस्यकथा देण्यात आली, निम्म्यांना छापील आणि निम्म्यांना किंडलवर. बहुतेक कसोट्यांवर दोन्ही गट सारखेच ठरले. मात्र कथेतील घटना कोणत्या क्रमाने घडल्या हे सांगण्यात छापील प्रत वाचणारे सरस निघाले. त्याआधी २०१८ साली ५४ अभ्यास आणि १,७०,००० हून अधिक वाचक यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यात माहितीपर मजकूर आणि वेळेचे बंधन असलेले वाचन यांत कागद वरचढ ठरला, पण कथात्मक मजकुरात दोन्ही माध्यमांत लक्षणीय फरक दिसला नाही. या दोन निष्कर्षांवरून एक व्यवहारी सूत्र काढता येते. ज्या पुस्तकात पुन्हापुन्हा मागे जावे लागते, दोन पाने शेजारी ठेवून ताडावी लागतात, तेथे कागद सोयीचा. जे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटापर्यंत सरळ वाचत जायचे, तेथे दोन्ही माध्यमे जवळपास समान.

या सूत्राला एक मोठा अपवाद आहे, शब्दकोशांचा. कोश हा वाचायचा ग्रंथ नसून शोधायचा ग्रंथ आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या प्रकल्पामुळे संगणकावर शोधता येऊ लागले, तेव्हा त्यांचा उपयोग केवढा तरी वाढला. मात्र शोध लागतो तो मजकूर अक्षरशः नोंदलेला असेल तरच. पानांच्या छायाचित्रांत शोध चालत नाही. आणि येथेच चौथा, सर्वांत महत्त्वाचा मुद्दा समोर येतो : मजकुराची शुद्धता.

छापील पानावर अक्षर दिसते तसेच असते. ई-पुस्तकात जे दिसते त्याच्यामागे एक संकेतक्रम असतो : प्रत्येक अक्षरासाठी ठरवून दिलेला क्रमांक. १९९१ साली युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. परंतु मराठी प्रकाशनव्यवसायाने त्यानंतरही बराच काळ अक्षरजुळणीसाठी अशा फॉन्टचा आश्रय घेतला, ज्यांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले होते. कागदावर छापण्यापुरते ते पुरेसे होते आणि दिसायलाही देखणे होते. मात्र त्या हजारो पुस्तकांची ई-आवृत्ती काढायची वेळ आली, तेव्हा हे तुकडे युनिकोडमध्ये रूपांतरित करावे लागले, आणि त्या रूपांतरात ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर गेली, रफार भलत्याच ठिकाणी बसला, जोडाक्षरे पाय मोडून सुटी झाली. ज्यांची अशी फाइलही शिल्लक नव्हती त्या पुस्तकांची पाने यंत्राकडून ‘वाचून’ घेतली गेली. यंत्राने ‘थ’ला ‘य’ आणि ‘ष’ला ‘प’ समजावे, आणि ते तसेच वाचकापर्यंत पोहोचावे.

एक उदाहरण पुरेसे आहे. मराठीत ‘र’ पुढच्या अक्षराला जोडला जाण्याच्या दोन रीती आहेत, डोक्यावरचा रफार आणि आडवा, पापणीसारखा ‘ऱ्‌’, आणि त्या दोहोंनी अर्थ बदलतो. ‘आचार्यांना’ बोलावणे वेगळे आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावणे वेगळे. सदोष रूपांतरात हा भेद पुसला जातो, आणि मग विद्वानांच्या सभेत स्वयंपाकी येतात किंवा मुदपाकखान्यात आचार्य शिरतात. (श्रोत्यांना हसू आले तर ते साहजिक आहे, ज्या लेखकाच्या पुस्तकात हे घडते त्याला मात्र ते येत नाही.) ‘ॲ’ या अक्षराची कथा अशीच. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. जुन्या फॉन्टमध्ये किंवा जुन्या रीतीने टंकलेल्या मजकुरात त्याच्या जागी ठिपक्यांचे वर्तुळ डोळे वटारून बसते.

दिसणाऱ्या चुकांखेरीज न दिसणाऱ्याही चुका असतात. ‘ल’ आणि ‘श’ या अक्षरांची मराठी वळणे हिंदी वळणांहून भिन्न आहेत, पण दोहोंचा संकेतक्रमांक एकच आहे. हा मजकूर मराठी आहे अशी खूण ई-पुस्तकाच्या फाइलमध्ये केलेली असेल आणि फॉन्टमध्ये तशी सोय असेल, तरच मराठी वळण उमटते. खूण करण्यास काही क्षण लागतात. ती केली जात नाही, आणि लहानपणापासून डोळ्यांत बसलेली अक्षरे वाचकाला परकी दिसू लागतात; काय खटकते हे त्याला सांगता येत नाही, फक्त ‘पडद्यावर वाचायला बरे वाटत नाही’ एवढेच तो म्हणतो. तसेच एकच अक्षर दोन प्रकारांनी नोंदता येत असल्यामुळे एका प्रकारे लिहिलेला शब्द दुसऱ्या प्रकारे शोधल्यास सापडत नाही. पान सुंदर दिसते आणि शोध निष्फळ ठरतो. ‘घरासमोरच्या’ या शब्दावर बोट ठेवल्यावर कोशाने ‘घर’ दाखवावे, ही अपेक्षा पुरी होण्यासाठी तर मराठीचे व्याकरण यंत्राला शिकवण्याची तयारी हवी.

किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांतील पुस्तके डिसेंबर २०१६ पासून रीतसर उपलब्ध झाली. बुकगंगासारख्या मराठी उपक्रमांनी त्याआधीच ई-पुस्तके वाचकांपर्यंत नेली होती. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी वाचकाला टपालखर्चाच्या आणि महिन्याभराच्या प्रतीक्षेच्या ऐवजी पुस्तक क्षणात मिळू लागले, ही क्रांतीच होती. पण या वेगात एक माणूस मागे राहिला, आणि तो म्हणजे मुद्रितशोधक. छापील पुस्तकाचे एक मुद्रित, दुसरे मुद्रित, प्रसंगी तिसरेही तपासले जाते. त्याच पुस्तकाची ई-आवृत्ती निघते तेव्हा ‘मजकूर तर तपासलेलाच आहे’ असे गृहीत धरले जाते. ते गृहीतच चुकीचे आहे. तपासलेला होता तो कागदावरचा मजकूर. रूपांतरित मजकूर ही नवी जुळणी आहे आणि तिला नवे मुद्रितशोधन हवे. खिळे सोडून नव्याने जुळवलेला फर्मा कोणी न तपासता छपाईला पाठवला असता काय?

एव्हाना चारही मुद्द्यांचा हिशेब मांडता येतो. प्रकाशाच्या बाबतीत इलेक्ट्रॉनिक शाई कागदाच्या जवळ आली आहे, फक्त तिची पार्श्वभूमी अजून मळकट आहे. रेखीवपणाच्या बाबतीत ती नजरेच्या मर्यादेला भिडली आहे. मांडणीच्या बाबतीत सरळ वाचायच्या गद्याला ती मानवते. कविता, सचित्र अंक आणि अभ्यासाची पुस्तके यांना अजून कागदच मानवतो. आणि मजकुराच्या बाबतीत सगळा भार माणसांवर आहे. पहिल्या दोन उणिवा प्रयोगशाळांत दूर होत गेल्या, त्यासाठी मराठी समाजाला काही करावे लागले नाही. शेवटची उणीव मात्र दुसरे कोणी दूर करून देणार नाही.

म्हणून काही अपेक्षा स्पष्ट शब्दांत नोंदवणे इष्ट. प्रकाशकांनी ई-आवृत्तीसाठी मुद्रितशोधनाचा स्वतंत्र खर्च धरावा आणि फाइलमध्ये भाषेची खूण करण्याचे साधे काम चुकवू नये. शासकीय आणि सार्वजनिक निधीतून पुस्तके संगणकावर आणणाऱ्या संस्थांनी पानांच्या प्रतिमांवर न थांबता शोधता येणारा, तपासलेला मजकूर द्यावा. ग्रंथालयांनी ई-पुस्तके घेताना पुस्तकांची संख्या मोजण्याआधी चार पाने उघडून पाहावीत. आणि वाचकांनी? वाचकांनी चूक दिसली की ती कळवावी, मूल्य देऊन घेतलेल्या सदोष प्रतीबद्दल विचारणा करावी. छापील पुस्तकात एक फर्मा उलटा बांधला गेला तर ते बदलून मागितले जाते, मग येथे संकोच का?

या साऱ्या अपेक्षांच्या मुळाशी एक लहानशी प्रथा ठेवता येईल. छापील मराठी पुस्तकाच्या श्रेयपृष्ठावर अक्षरजुळणी कोणाची, मुद्रण कोणाचे, मुखपृष्ठ कोणाचे हे नमूद केलेले असते. नाव छापले जाणार म्हणून काम जपून होते. ई-पुस्तकाचे रूपांतर कोणी केले, ते कोणी तपासले आणि त्यासाठी कोणता फॉन्ट योजला हे मात्र बहुधा कोठेच लिहिलेले नसते. ज्या कामाखाली कोणाचे नाव नाही, त्याची जबाबदारीही कोणाची नसते. यापुढे प्रत्येक मराठी ई-पुस्तकाच्या श्रेयपृष्ठावर रूपांतरकाराचे आणि मुद्रितशोधकाचे नाव छापले जावे. त्यासाठी नव्या यंत्राची, नव्या शाईची किंवा कोणाच्या अनुदानाची गरज नाही. एका ओळीची गरज आहे, आणि ती लिहिण्याची सुरुवात पुढच्या पुस्तकापासून करता येईल.